मुंबई–चेन्नई विमानप्रवास : अंतर १,०३४ किलोमीटर, वेळ मात्र एकच नाही

चेन्नई : मुंबई आणि चेन्नई या दोन महानगरांच्या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १,०३४ किलोमीटर आहे. थेट विमानाला हे अंतर कापण्यास तिकिटावरील वेळेनुसार साधारण दोन तास लागतात. त्यांपैकी विमान प्रत्यक्ष हवेत असते ते दीड तासाच्या आसपास. प्रवाशाने घराचा उंबरठा ओलांडल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंतचा हिशेब मांडला, तर हाच प्रवास सहा तासांवर जातो.

या तिन्ही वेळा आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र कोणती वेळ कशासाठी धरायची, हे माहीत असणे आवश्यक ठरते. भाड्याची कमाल मर्यादा, उड्डाण रद्द झाल्यास मिळणारी भरपाई आणि प्रत्यारोपणासाठी निघालेले हृदय उपयोगात येईल की नाही, या साऱ्या गोष्टी याच आकड्यांवर अवलंबून असतात.

दृष्टिक्षेपात

मुंबई–चेन्नई हवाई अंतर : सुमारे १,०३४ किलोमीटर (५५८ सागरी मैल)
नवी मुंबई–चेन्नई हवाई अंतर : सुमारे १,०१० किलोमीटर
पुणे–चेन्नई हवाई अंतर : सुमारे ९१३ किलोमीटर
नागपूर–चेन्नई हवाई अंतर : सुमारे ९०९ किलोमीटर
मुंबई–चेन्नई रेल्वेमार्ग : सुमारे १,२८० किलोमीटर, गाडीनुसार वीस ते चोवीस तास
मुंबई–चेन्नई रस्ता (राष्ट्रीय महामार्ग ४८, पुणे–कोल्हापूर–बेंगळुरूमार्गे) : सुमारे १,३३० किलोमीटर

हवाई अंतर कसे मोजतात?

पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट ही कागदावरील सरळ रेषा नसते. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारी प्रतले पृष्ठभागावर जी वर्तुळे आखतात, त्यांना महावृत्ते म्हणतात. दोन ठिकाणांना जोडणारा महावृत्ताचा कंस हेच त्यांमधील किमान अंतर होय. दोन्ही विमानतळांचे अक्षांश व रेखांश ठाऊक असले, की हे अंतर गणिताने काढता येते.

मुंबईचा विमानतळ उत्तर अक्षांश १९.०९ आणि पूर्व रेखांश ७२.८७ अंशांवर आहे, चेन्नईचा १२.९९ आणि ८०.१७ अंशांवर. त्यावरून १,०३४ किलोमीटर हा आकडा मिळतो. विमानसेवेत अंतरे सागरी मैलांत सांगितली जातात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. नकाशावर ही रेषा आखली, तर ती सातारा जिल्ह्यावरून, कर्नाटकातील विजयपुराच्या परिसरातून आणि पुढे आंध्र प्रदेशातील तिरुपतीजवळून चेन्नईला पोहोचते.

भारतातील अंतरांच्या शास्त्रशुद्ध मोजमापाचा प्रारंभ योगायोगाने चेन्नईच्या विमानतळाशेजारीच झाला. विल्यम लॅम्ब्टन यांनी एप्रिल १८०२ मध्ये सेंट थॉमस माउंट या टेकडीजवळच्या सपाट भूमीवर सुमारे बारा किलोमीटर लांबीची आधाररेषा साखळीने मोजण्यास सुरुवात केली. पुढे ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा तो पाया होता. त्या रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत हे काम उत्तरेकडे सरकत गेले. सर्वेक्षण सुरू असतानाच लॅम्ब्टन यांचे २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांची कबर तेथेच आहे. चेन्नईचा आजचा विमानतळ त्याच टेकडीलगत मीनंबाक्कम–तिरुसुलम परिसरात आहे.

वेळेच्या बाबतीतही या शहराला असेच स्थान होते. मद्रास वेधशाळेच्या रेखांशावर आधारलेली ‘मद्रास वेळ’ एकोणिसाव्या शतकात भारतीय रेल्वेची वेळ म्हणून वापरली जात असे. मुंबई आणि चेन्नई यांच्या रेखांशांत सुमारे ७.३ अंशांचा फरक असल्याने दोन्ही शहरांच्या सूर्यवेळेत २९ मिनिटांचे अंतर पडते. त्यामुळे मुंबईच्या प्रवाशाला शहराचे घड्याळ एक आणि स्थानकाचे दुसरे, असा हिशेब ठेवावा लागे. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावरील भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईत मात्र स्थानिक वेळ त्यानंतरही अनेक वर्षे टिकून होती. आज देशांतर्गत तिकिटावरील सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ एकाच घड्याळाची असते.

विमान सरळ रेषेत का जात नाही?

१,०३४ किलोमीटर ही गणिती किमान मर्यादा आहे. प्रत्यक्षात विमान त्याहून काहीसे अधिक अंतर कापते. उड्डाणानंतर आणि उतरण्यापूर्वी ठरावीक वळणांचे मार्ग पाळावे लागतात. वाऱ्याच्या दिशेनुसार धावपट्टीचे कोणते टोक वापरायचे हे ठरते. त्यामुळे चेन्नईत उतरणारे विमान कधी जमिनीच्या बाजूने थेट येते, तर कधी समुद्राच्या बाजूने वळसा घेऊन.

मधल्या टप्प्यातही आकाश सर्वत्र मोकळे नसते. भारताच्या हवाई हद्दीची दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशी चार प्रमुख उड्डाण माहिती क्षेत्रे आहेत. मुंबईहून निघालेले विमान वाटेत मुंबईच्या नियंत्रणातून चेन्नईच्या नियंत्रणात सोपवले जाते. संरक्षण दलांसाठी राखीव असलेले भाग टाळून जावे लागते. केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मे २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार देशाच्या हवाई हद्दीपैकी केवळ ६० टक्के भाग नागरी विमानांना मुक्तपणे उपलब्ध होता. निर्बंध शिथिल केल्यास मार्ग लहान होऊन विमान वाहतूक क्षेत्राची वर्षाला सुमारे एक हजार कोटी रुपयांची बचत होईल, असा सरकारचा अंदाज होता.

तिकिटावरील दोन तास म्हणजे काय?

वेळापत्रकात छापलेला कालावधी हा हवेतील कालावधी नसतो. विमान आपल्या थांब्यावरून हलते त्या क्षणापासून गंतव्य विमानतळावरील थांब्यावर येऊन स्थिरावते त्या क्षणापर्यंतचा काळ त्यात मोजला जातो. या काळाला विमान वाहतुकीच्या परिभाषेत ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, रांगेत थांबणे, उड्डाण, उतरण्याच्या परवानगीसाठी आकाशात घातलेल्या घिरट्या आणि उतरल्यानंतर थांब्यापर्यंतचा प्रवास असे सगळे घटक त्यात येतात.

मुंबई–चेन्नई मार्गावर हे घटक निर्णायक ठरतात. दोन्ही विमानतळांच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे समांतर धावपट्ट्या असलेल्या विमानतळांप्रमाणे दोन्हींचा एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापर करता येत नाही. गर्दीच्या वेळी होणाऱ्या विलंबाचा अंदाज घेऊनच कंपन्या वेळापत्रकात काही मिनिटांची सोय करून ठेवतात. म्हणूनच एकाच मार्गावरील सकाळच्या आणि संध्याकाळच्या उड्डाणांचा छापील कालावधी दहा-पंधरा मिनिटांनी भिन्न दिसतो. आणि उशिरा सुटलेले विमानही कधी कधी ‘वेळेवर’ पोहोचते.

प्रवास लहान असला, की सरासरी वेगही कमी भरतो. जेट विमानाचा उंचीवरील वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाने सबंध अंतर सव्वा तासात कापून व्हायला हवे. मात्र सुमारे ३६,००० फुटांवरून उतरण्यास विमान गंतव्याच्या जवळपास दोनशे किलोमीटर आधीच प्रारंभ करते. चढण्यासाठीही साधारण तेवढेच अंतर खर्ची पडते. पूर्ण वेगाचा टप्पा मधल्या सहाशे किलोमीटरांपुरता उरतो. याउलट चेन्नई–लंडन या सुमारे ८,२३० किलोमीटरच्या प्रवासात चढ-उताराचा वाटा नगण्य असल्याने अंतर आठपट होऊनही वेळ पाच-साडेपाच पटच होतो. विमान साधारण दहा ते अकरा तासांत पोहोचते.

जाताना आणि येताना वेळ वेगळी का?

विमानाचा वेग सभोवतालच्या हवेच्या तुलनेत ठरलेला असतो. हवाच पुढे सरकत असेल, तर जमिनीच्या हिशेबाने विमान अधिक वेगाने जाते. ताशी ६० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल, तर १,०३४ किलोमीटरला सुमारे ७० मिनिटे लागतील. तोच वारा समोरून आला, तर ८० मिनिटे. चढ-उताराचा वेळ या उदाहरणात धरलेला नाही, पण वाऱ्याचा परिणाम त्यावरून लक्षात यावा.

दक्षिण भारतावरील उंच आकाशातले वारे ऋतूनुसार दिशा पालटतात. हिवाळ्यात मुंबईच्या अक्षांशावर पश्चिमेचे वारे वाहतात. दक्षिणेकडे येता येता ते मंदावतात. त्या दिवसांत मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या विमानाला त्यांचे साहाय्य होते. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात, म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये, चित्र उलटे होते. तेव्हा द्वीपकल्पावर सुमारे चौदा ते सोळा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा तयार होतो. भारतीय हवामान विभागातील शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात या पूर्वीय झोताचा अभ्यास मांडला. हा पट्टा चेन्नईच्या अक्षांशाच्या जवळपास सर्वाधिक प्रबळ असतो. प्रवासी विमाने त्याच्या खालून जातात, परंतु त्यांच्या उंचीवरही वारा पूर्वेचाच असल्याने त्या काळात चेन्नईहून मुंबईकडे येणारा प्रवास काही मिनिटांनी लवकर आटोपतो.

१९३२ : बेल्लारीमार्गे टपाल

मुंबई–मद्रास हा भारतातील सर्वांत जुन्या नियमित हवाई मार्गांपैकी एक आहे. लंडनहून इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीला आलेले टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘पस मॉथ’ या एक इंजिनाच्या विमानातून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. तेथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पार पाडला. पुढे एअर इंडिया या नावाने ओळखल्या गेलेल्या सेवेचा तो प्रारंभ होता.

त्या विमानाचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर होता. म्हणजे केवळ मुंबई–मद्रास टप्प्याला हवेतच साडेसहा तास हवेत. इंधनासाठी उतरणे भाग होते आणि रात्रीच्या उड्डाणाची सोय नव्हती. बेल्लारीची निवड अंतराच्या दृष्टीने अचूक होती. तेथे थांबूनही एकूण मार्ग दहा किलोमीटरनेही वाढत नाही. पावसाळ्यात जुहूचे मैदान वापरण्याजोगे राहत नसल्याने विमानांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. तरीही रेल्वेच्या तुलनेत हा वेळ क्रांतिकारक होता. मुंबई आणि मद्रासकडून येणारे लोहमार्ग रायचूर येथे जोडले गेले ते १८७१ मध्ये. त्यापूर्वी सलग रेल्वेप्रवास शक्यच नव्हता.

नागपूरचा मध्यरात्रीचा मेळ

अंतर वाढवूनही वेळ वाचवता येतो, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच घडले. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने रात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत.

मुंबईहून नागपूरमार्गे मद्रास हे हवाई अंतर सुमारे १,५९० किलोमीटर भरते. सरळ मार्गाच्या दीडपटीहून अधिक. तरीही मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासमध्ये वाटले जाऊ लागले, कारण वापर होत होता तो एरवी वाया जाणाऱ्या रात्रीचा. चार शहरांना एकमेकांशी थेट जोडायचे, तर सहा स्वतंत्र मार्ग लागले असते. नागपूरमुळे चारांत काम भागले. वाटेत विमान बदलून जाणाऱ्या आजच्या प्रवाशाचे वेळापत्रकही याच तत्त्वावर बेतलेले असते.

चार तासांची मर्यादा

या मार्गावरील मिनिटांना सर्वाधिक मोल असते ते अवयव प्रत्यारोपणात. शरीराबाहेर काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या शरीरात धडधडू लागणे अपेक्षित असते. यकृतासाठी ही मुदत साधारण बारा तासांपर्यंत, तर मूत्रपिंडासाठी चोवीस तास किंवा त्याहून अधिक असते. तामिळनाडूने मेंदूमृत दात्यांच्या अवयवांच्या वाटपाचा राज्यव्यापी कार्यक्रम २००८ मध्ये हाती घेतला आणि चेन्नई हे देशातील हृदय प्रत्यारोपणाचे प्रमुख केंद्र बनले. अन्य राज्यांतील हृदयेही विमानाने येथे आणली गेली आहेत.

मुंबई–चेन्नई अंतर या मर्यादेत बसते, पण जेमतेम. खास विमानाला हवेतील दीड तास धरले आणि दोन्ही शहरांत रुग्णालय व विमानतळ यांदरम्यान अर्धा-अर्धा तास धरला, तर अडीच तास खर्च होतात. शस्त्रक्रियेसाठी उरतो दीड तास. हवेतील वेळ कमी करणे कोणाच्या हातात नसते. रस्त्यावरचा वेळ मात्र कमी करता येतो. म्हणूनच पोलीस सिग्नल थांबवून रुग्णवाहिकेसाठी ‘ग्रीन कॉरिडॉर’ करतात आणि हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष अशा विमानाला उतरण्यास प्राधान्य देतो.

भाडे आणि भरपाई : कुठे अंतर, कुठे वेळ

सरकारी नियम कधी अंतर प्रमाण मानतात, तर कधी वेळ. कोरोनाकाळात मे २०२० मध्ये देशांतर्गत भाड्यांवर घातलेल्या मर्यादा उड्डाणाच्या कालावधीनुसार सात गटांत विभागल्या होत्या. त्या ऑगस्ट २०२२ अखेर उठवण्यात आल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मोठ्या संख्येने उड्डाणे रद्द होऊन भाडी भडकली, तेव्हा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने मर्यादा घातली ती अंतरानुसार : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किलोमीटरसाठी १२,००० रुपये, १,००० ते १,५०० किलोमीटरसाठी १५,००० रुपये आणि त्यापुढे १८,००० रुपये, कर व विमानतळ शुल्क वेगळे. सरळ हवाई अंतर धरले, तर पुणे–चेन्नई दुसऱ्या गटात येते. मुंबई–चेन्नई मात्र अवघ्या ३४ किलोमीटरांमुळे तिसऱ्या गटात जाते.

उड्डाण रद्द झाल्यास द्यायची भरपाई याउलट ब्लॉक टाइमवर ठरते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांनुसार प्रवाशाला विहित मुदतीत सूचना न देता उड्डाण रद्द केल्यास एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० रुपये आणि दोन तासांहून अधिक कालावधीसाठी १०,००० रुपये, किंवा एकेरी प्रवासाचे मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती द्यावी लागते. वादळ, पूर किंवा सुरक्षाविषयक कारणांसारख्या कंपनीच्या नियंत्रणाबाहेरील परिस्थितीत ही भरपाई लागू होत नाही.

मुंबई–चेन्नई उड्डाणाचा छापील कालावधी दोन तासांच्या अलीकडे-पलीकडे असतो. एक तास ५५ मिनिटांचे विमान एका गटात पडते, तर दोन तास पाच मिनिटांचे वरच्या गटात. त्यामुळे तिकिटावरील सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ पाहून ठेवणे हिताचे ठरते. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास वा अधिक विलंब होणार असेल, तर प्रतीक्षा करणाऱ्या प्रवाशांना खाण्यापिण्याची सोय करून देणे कंपनीवर बंधनकारक आहे.

दोन शहरे, दोन पावसाळे

या मार्गाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे दोन टोकांचे पावसाळे वेगवेगळे आहेत. मुंबईत जून ते सप्टेंबर, तर चेन्नईत ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे ऑक्टोबर ते डिसेंबर हा पावसाचा मुख्य काळ. परिणामी वर्षातील सात महिने या ना त्या टोकाला पावसामुळे विलंबाची शक्यता राहते. १ डिसेंबर २०१५ च्या अतिवृष्टीत चेन्नईच्या धावपट्टीवर पाणी शिरून विमानतळ अनेक दिवस बंद ठेवावा लागला होता. त्या वेळी अरक्कोणम येथील नौदलाच्या तळावरून प्रवासी विमाने सोडण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचौंग’ चक्रीवादळामुळेही विमानतळाचे कामकाज थांबले होते.

घरापासून मुक्कामापर्यंत

प्रवासाचे नियोजन करताना पुढील हिशेब उपयोगी पडू शकेल : घरून विमानतळापर्यंत एक ते दीड तास, उड्डाणापूर्वी दोन तास, विमानात दोन तास, उतरल्यावर सामान मिळेपर्यंत अर्धा तास आणि शहरात पोहोचण्यास पाऊण तास. ही बेरीज सव्वासहा ते पावणेसात तास होते. बहुतेक कंपन्या देशांतर्गत उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी सामान स्वीकारणे बंद करतात.

या बेरजेत विमानातील दोन तासांचा वाटा एक तृतीयांशाहून कमी आहे, आणि सुधारणेला वाव आहे तो उरलेल्या भागात. चेन्नई विमानतळ २०१६ पासून मेट्रोने शहराशी जोडलेला आहे. सेंट्रल रेल्वे स्थानकापर्यंत वाहतूक कोंडी टाळून जाता येते. मुंबईत आरे–कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण खुली झाली असून तिच्यावर विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलसाठी स्थानके आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रवासी सेवा सुरू झाली. पनवेल, उरण आणि रायगडच्या प्रवाशांचा रस्त्यावरील वेळ त्यामुळे कमी होतो. दक्षिण मुंबईकराने मात्र तिकीट काढण्यापूर्वी विमानतळाचे नाव तपासलेले बरे. चेन्नईसाठी कांचीपुरम जिल्ह्यातील परंदूर येथे दुसरा विमानतळ प्रस्तावित असून स्थानिक ग्रामस्थांचा त्याला विरोध आहे. तो शहरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर असल्याने, तेथून विमाने सुटू लागल्यास हवेतील अंतर जवळपास तेवढेच राहील आणि जमिनीवरील वेळ वाढेल.

उपचारांसाठी चेन्नई किंवा वेल्लोरला जाणाऱ्या रुग्णांनी तपासणीची वेळ निश्चित करताना विमान पोहोचण्याची छापील वेळ नव्हे, तर ही संपूर्ण बेरीज धरावी. वेल्लोर चेन्नईपासून सुमारे १४० किलोमीटरवर असून रस्त्याने आणखी किमान अडीच-तीन तास लागतात. ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यान जायचे असल्यास आदल्या दिवशीच पोहोचणे अधिक सुरक्षित आहे.